लिव्हरचा आजार आणि नवरा-बायकोचे संबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगते, मी डॉक्टर नाही, नर्स पण नाही. मुंबईत काळाचौकीला राहते. आमच्या ह्यांना नऊ वर्षांपूर्वी लिव्हर सिरॉसिस निघाला, म्हणजे लिव्हर आकसून कडक होण्याचा आजार, तेव्हापासून ओपीडीच्या फेऱ्या, एंडोस्कोप्या, पोटातलं पाणी काढणं सगळं जवळून बघितलंय. ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी बसणाऱ्या बायकांशी ओळखी झाल्या, नंबर दिले-घेतले, आणि आता कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. जेवणात मीठ किती, अंडं चालेल का, हे सगळं विचारून झालं की फोन ठेवता ठेवता आवाज खाली जातो, "ताई, अजून एक विचारायचं होतं." ते अजून एक म्हणजे हेच असतं. पुरुष असले की मी फोन ह्यांच्याकडे देते. नऊ वर्षांत डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते इथे लिहितेय, पण तुमच्या पेशंटची गोळी आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार.

लिव्हर बिघडलं तर संबंधांवर का परिणाम होतो? हा तर पोटाचा आजार ना?

मलाही असंच वाटायचं. पण लिव्हर फक्त अन्नाचं काम बघत नाही, शरीरातले हार्मोन वापरून झाले की ते मोडून बाहेर काढायचं कामही त्याचंच. पुरुषाच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन असतं, लिव्हर थकलं की ते नीट निघत नाही, आणि दुसरीकडे टेस्टोस्टेरॉन कमी पडायला लागतं, कारण मेंदूकडून वृषणांना जो निरोप जायचा तोच मंदावतो. म्हणून मग इच्छा कमी होते, ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, दाढी विरळ होते, काखेतले केस जातात, वृषणं लहान होतात. तळहात लालसर दिसणं, छातीवर-खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा उमटणं, हे पण त्याच हार्मोनच्या गडबडीतलं. त्यात अंगातलं मांस झडलेलं, रक्त कमी, झोप नाही, कोणाला सोबत डायबेटिस. एवढं सगळं चालू असताना शरीर साथ देत नसेल तर त्यात त्या माणसाचा काही दोष नाही, आणि बायकोचाही नाही. "माझ्यातलं मन उडालं का ह्यांचं" असं विचारून रडणाऱ्या बायका मला भेटल्यात, म्हणून हे पहिलंच लिहितेय.

टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग अडचण कुठे आहे?

हे खूप जणांचं होतं. सिरॉसिसमध्ये रक्तातलं एक प्रोटीन वाढतं, एसएचबीजी म्हणतात त्याला, ते टेस्टोस्टेरॉनला पकडून ठेवतं. लॅब जो टोटल आकडा देते त्यात हे पकडलेलं पण मोजलं जातं, म्हणजे पासबुकात रक्कम दिसते पण अर्धी फिक्स्डमध्ये अडकलेली, हातात खर्चायला काही नाही. म्हणून डॉक्टरांना विचारा की फ्री टेस्टोस्टेरॉन, म्हणजे सुटं राहिलेलं, बघायचं का. रक्त सकाळी ८ ते १० च्या मध्ये द्यायचं, दिवस चढला की हा हार्मोन उतरतो. सोबत प्रोलॅक्टिन, थायरॉइड, शुगर पण बघतात.

कमी निघालं म्हणून लगेच इंजेक्शन घ्यायला धावू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्याने रक्त घट्ट होऊ शकतं, ते द्यायचं की नाही हे लिव्हरचे आणि हार्मोनचे डॉक्टर मिळून ठरवतात. जिममध्ये मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या तर बिलकुल नाहीत, त्यांनी चांगलं लिव्हर पण खराब होतं.

छाती वाढलीय, हात लागला तरी दुखतं. हा कॅन्सर आहे का?

बहुतेक वेळा नाही, पण दाखवायचं नक्की, त्यातही एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा निप्पलमधून पाणी-रक्त येत असेल तर लवकर दाखवायचं.

आमच्या ह्यांचं सांगते. दोन वर्षं ते बनियन घालायचे नाहीत, म्हणायचे उकडतं. मला पण खरं वाटलं, आमच्या खोलीत उकडतंच. मग एकदा पोरगी शाळेतून आली आणि धावत जाऊन बाबांना मिठी मारली, ती नेहमीच मारायची, तर ह्यांनी तिला दोन्ही हातांनी असं लांब केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पोरगी बावरली. रात्री विचारलं तेव्हा सांगितलं की छातीला कापड घासलं तरी कळ येते, आणि आरशात बघायची लाज वाटते.

हे सुजलेपण आजारामुळेही होतं, पण आमच्या केसमध्ये मोठा हात पाण्याच्या गोळीचा होता. पोटात पाणी होतं त्यांना जी गोळी देतात, स्पायरोनोलॅक्टोन, अल्डॅक्टोन नावाने मिळते, लॅसिलॅक्टोन आणि डायटॉर प्लसमध्ये पण तीच असते, ती पाणी काढायचं काम चांगलं करते पण सोबत पुरुष हार्मोनचं काम अडवते. त्यातून छाती वाढते, दुखते, ताठरता कमी होते, आणि बायकांना दिली तर पाळी मागेपुढे होते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला गोळ्यांची पिशवी घरी यायची आणि आम्ही इमानदारीत देत होतो.

मग ती गोळी बंद करू का?

नाही. हात जोडून सांगते, नाही. मनाने बंद केली आणि आठवड्याभरात पोट टम्म होऊन पेशंट ॲडमिट झाला, असं मी बघितलंय. ती गोळी बदलता येते, कमी करता येते, कधी तिच्या जागी अमिलोराइड देतात, कधी एप्लेरेनोन देतात, पण ते पोटॅशियम, सोडियम, किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर करतात. आमच्या ह्यांची बदलली, छातीचं दुखणं दोन-तीन महिन्यांत गेलं. गाठ थोडी राहिली, फार दिवस असेल तर ती पूर्ण जात नाही असं डॉक्टर म्हणाले. पण बनियन घालायला लागले.

अजून कुठल्या गोळ्यांनी असं होतं?

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल देतात, त्याने काहींना थकवा येतो आणि ताठरतेवर पण परिणाम होतो. ही तर स्वतःहून बंद करायचीच नाही, रक्ताची उलटी होऊ शकते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते किंवा वीर्य यायला फार वेळ लागतो, तिथे दुसरी गोळी निवडता येते. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका, लिव्हरच्या पेशंटला त्यांनी गुंगी चढून शुद्ध हरपू शकते.

व्हायग्रा चालते का?

पुरुषांचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दहातल्या निम्म्यांनी विचारायच्या आधीच घेऊन बघितलेली असते.

सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलं औषध लिव्हरमध्येच मोडलं जातं. लिव्हर कमजोर असेल तर तेवढ्याच गोळीने रक्तातलं औषध जास्त वाढतं आणि जास्त वेळ राहतं, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर २५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात, आणि तुमचा मित्र ५० किंवा १०० ची स्ट्रिप खिशात घालून देतो. टॅडालाफिल पण लिव्हरच्या पेशंटला एका वेळी १० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत आणि आजार खूप पुढे गेलेला असेल तर देतच नाहीत. सिरॉसिसमध्ये बीपी आधीच खाली असतं, त्यात ही गोळी ते अजून पाडते. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने, किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी चालू असणाऱ्याने, ही गोळी अजिबात घ्यायची नाही, बीपी एवढं पडतं की जीव जाऊ शकतो. आणि अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या आहेत की नाहीत हे एंडोस्कोपीत बघितल्याशिवाय तर विचारही नको, ही गोळी घेतल्यानंतर तिथून रक्तस्राव झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात.

म्हणजे कोणालाच मिळत नाही असं नाही. आजार स्थिर आहे, पोटात पाणी नाही, शिरांचं बँडिंग झालंय, म्हणजे एंडोस्कोपीतून रबर लावून त्या बांधल्यात, हृदय ठीक आहे, अशा पेशंटना डॉक्टर विचार करून देतात. ते देतील तशी घ्या, तेलकट जेवणावर घेतली की उशिरा लागू होते म्हणून लोक अजून एक घेतात, तसं करू नका. ताठरता चार तासांच्या वर राहिली किंवा अचानक दिसेनासं झालं तर कॅज्युअल्टीत जा, लाजत बसू नका.

ट्रेनच्या डब्यात स्टिकर असतात, "गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी", आयुर्वेदिक आहे म्हणतात, त्याने नुकसान काय?

नुकसान होतं. डबाभर मिळणाऱ्या पावडरीत आणि शक्तिवर्धक कॅप्सुलांत काय घातलंय ते कोणालाच माहीत नसतं, कित्येकदा तपासल्यावर त्यात चोरून सिल्डेनाफिलच घातलेलं निघतं, म्हणजे वर जे लिहिलं ते सगळे धोके, आणि डोस किती तेही माहीत नाही. आणि झाडपाला म्हणजे सेफ असं नाही. कोव्हिडमध्ये घरोघरी गुळवेल पीत होते ना, २०२१ मध्ये आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. अश्वगंधेनेही काहींना कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. ज्याचं लिव्हर धड आहे तो बहुतेकदा त्यातून सावरतो, आपल्या माणसाकडे सावरायला जागाच उरलेली नसते. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या आईने मला बाळंतकाढे देऊनच उभं केलं. पण नाव-पत्ता-बिल नसलेली पुडी सिरॉसिसच्या पेशंटला नको, आणि वैद्यांकडे गेलात तर लिव्हरचे रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा.

दारू सोडली तर परत सगळं पहिल्यासारखं होईल का?

काही जणांचं बऱ्यापैकी सुधारतं. दारू लिव्हरमार्फत तर त्रास देतेच, पण वृषणांवर थेट पण विष म्हणून काम करते, त्यामुळे ती थांबली की काही महिन्यांत इच्छा आणि ताकद परत आलेली माणसं आहेत. वृषणं फार सुकली असतील किंवा सिरॉसिस खूप पुढे गेला असेल तर पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही. सोडल्या सोडल्या पहिले काही आठवडे उलट वाईट वाटतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, तेव्हा "बघ, सोडून काय मिळालं" म्हणून परत ग्लास भरू नका. आणि रोजची भरपूर दारू असेल तर एका दिवसात घरी बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडा.

मला फक्त फॅटी लिव्हर आहे. माझ्या प्रॉब्लेमचं कारण तेच का?

फॅटी लिव्हरबरोबर पोटाचा घेर, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं एकत्र फिरत असतं आणि त्याने लिंगाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात. म्हणून ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयाच्या आजाराच्या आधी येते, ईसीजी, शुगर, लिपिड करून घ्या. वजन सात ते दहा टक्के कमी झालं तरी लिव्हरची सूज उतरायला मदत होते. ८० किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो. विरार लोकलने जाऊन येऊन आणि रात्री अकराला वडापाव खाऊन हे अवघड आहे हे मला कळतं, तरी एक स्टेशन चालत जाणं जमतं.

संबंध ठेवल्याने लिव्हरवर ताण येतो का? वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो असं सासूबाई म्हणतात.

नाही येत. वीर्य गेल्याने लिव्हर खराब होत नाही, आजार वाढत नाही, हाताने केल्यानेही नाही. अशक्तपणा येतो तो आजाराने आणि न जेवल्याने.

पोटात पाणी आहे, शिरा फुगलेल्या आहेत. मग काही झालं तर?

नुकतीच रक्ताची उलटी झालीय, बँडिंग चालू आहे, ताप आहे, पोटात दुखतंय, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. बाकी ज्यांचा आजार स्थिर आहे आणि शिरांचा बंदोबस्त झालाय त्यांना डॉक्टर सहसा नको म्हणत नाहीत, पण स्वतः एकदा विचारून मोकळे व्हा, नाहीतर दोघांच्याही डोक्यात भीती राहते आणि भीतीने काहीच होत नाही.

पोट फुगलेलं असलं की वरून वजन अजिबात सहन होत नाही, श्वास लागतो. कुशीवर झोपून, एक जण पाठीमागून, असं बऱ्याच जणांना जमतं. पाणी काढल्यावर दोन-चार दिवसांनी, ड्रेसिंगची जागा भरली की, पेशंट सगळ्यात हलका असतो. बेंबी बाहेर आलेली असेल, म्हणजे हर्निया, तर तिथे दाब नको, आणि ती कधी कडक होऊन दुखायला लागली, आत जाईना, तर रात्र असली तरी हॉस्पिटल. वेळ पण बघायला लागते. पाण्याची गोळी आणि लॅक्ट्युलोजचं सिरप घेतल्यावर माणूस बाथरूमच्याच वाटेवर असतो, आणि चाळीत ते बाथरूम गॅलरीच्या टोकाला. आमच्याकडे ह्यांची ताकद दुपारच्या झोपेनंतर बरी असते, म्हणून मुलं क्लासला गेली की, एवढंच सांगते. आणि दर वेळी "ते" झालंच पाहिजे असं नाही. पाय चेपून देणं, डोक्यावरून हात फिरवणं, एका चादरीत नुसतं पडणं, याला कमी समजू नका. आमचं एक वर्ष फक्त एवढ्यावर गेलंय.

हिपॅटायटिस बी आणि सी संबंधातून पसरतो का?

बी पसरतो. रक्तातून, वीर्यातून, योनीतल्या स्रावातून. पण त्याची लस आहे आणि चांगली आहे. बायकोची किंवा नवऱ्याची आधी रक्ततपासणी, लागण नसेल तर लशीचे तीन डोस, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची, १० च्या वर आली की संरक्षण आलं. तोपर्यंत कंडोम. कंडोमबरोबर खोबरेल तेल लावू नका, तेलाने तो फाटतो, पाण्याच्या बेसची जेली मिळते ती वापरा. घरातल्या बाकीच्यांनीही तपासणी आणि लस करून घ्यायची.

सी नवरा-बायकोच्या एकनिष्ठ नात्यात संबंधातून फार क्वचित पसरतो, तो मुख्य रक्ताचा आजार. पाळी चालू असताना, किंवा जखम होईल असे संबंध असतील तर धोका वाढतो, गुदमार्गाच्या संबंधातही, म्हणून पुरुष-पुरुष जोडीदारांनी कंडोम धरूनच चालायचं आणि एचआयव्हीची तपासणी पण करायची. रेझर, नेलकटर, टूथब्रश दोन्ही आजारांत वेगळे. आणि सी तर बरा होतो, बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण जातो. २०१८ मध्ये सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध सरकारी हॉस्पिटलात फुकट आहे. औषधांत रिबाव्हिरिन असेल तर, पेशंट नवरा असो की बायको, कोर्स संपल्यावरही निदान सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, बाईने घेतलं असेल तर अजून जास्त, नक्की किती ते डॉक्टरांना विचारा.

एका ताटात जेवून, कपड्यांतून, मिठी मारून, एकत्र झोपून यातलं काही पसरत नाही. नवऱ्याचं ताट वेगळं काढलेली घरं बघितलीत मी. अमिताभ बच्चन स्वतः जाहीरपणे सांगतात की १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशियासाठी हिपॅटायटिसचे सदिच्छादूत नेमलं. तुमच्या घरात कोणी कुजबुजायला लागलं तर हे सांगा.

मुलाला हिपॅटायटिस बी आहे, लग्न ठरतंय. मुलीकडच्यांना सांगायचं का?

मुलीला सांगायचंच. तिच्या शरीराचा प्रश्न आहे. साखरपुडा आणि लग्न यात आठ महिने मिळाले तर तेवढ्यात तिचे तीन डोस आणि अँटीबॉडीचा रिपोर्ट होतो. लपवलेलं लग्नानंतर कळलं तर आजारापेक्षा ते लपवणंच जास्त लागतं, असे दोन संसार मोडताना मी ऐकलेत. मुलगी पेशंट असेल तरी हेच, आणि तिला मूल पण होऊ शकतं. गरोदरपणात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणू, जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर देतात आणि बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन आणि लस. बाळाला अंगावर पाजायला हरकत नसते.

पेशंट मी स्वतः आहे, बाई आहे. माझं कोणी विचारतच नाही.

हो गं, हेच खरं दुखणं आहे. पुरुषाची ताकद गेली की घरात कुजबुज तरी होते, बाईची इच्छा गेली तर "बरं झालं, आराम कर" म्हणतात नाहीतर कुरकुर करतात. मला फोन करणाऱ्या बायकांत पीबीसी म्हणजे पित्तनलिकांच्या आजाराच्या दोघी-तिघी आहेत, ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते त्या आजाराच्या आहेत. त्या सांगतात, रात्री अंगाला अशी खाज सुटते की नवऱ्याचा हात लागला तरी नको वाटतं. डोळे, तोंड कोरडं पडतं तशी योनी पण कोरडी पडते आणि संबंध म्हणजे आग होते. आणि थकवा, जो झोपून जात नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना उपाय आहे. खाजेला औषधं आहेत, हे दर व्हिजिटला सांगायचं, कारण खाज रिपोर्टमध्ये दिसत नाही. कोरडेपणाला पाण्याच्या बेसची जेली, आणि पाळी गेलेली असेल तर आत लावायची हार्मोनची क्रीम असते ती स्त्रीरोगतज्ज्ञ आणि लिव्हरचे डॉक्टर यांना विचारून. दुखत असताना दात-ओठ खाऊन सहन करू नका, शरीर मग पुढच्या वेळी आधीच आकसतं.

पाळी अनियमित होते किंवा बंद होते, सिरॉसिसमध्ये हे खूप कॉमन आहे. काहींना उलट जास्त जाते कारण प्लेटलेट कमी असतात. पाळी बंद आहे म्हणून दिवस जाणार नाहीत असं मात्र धरून चालू नका. पाळणा लांबवायला कॉपर-टी आणि कंडोम लिव्हरच्या दृष्टीने बहुतेकींना चालतात, फक्त विल्सन्स डिसीज असेल तर त्यात तांब्याचाच प्रश्न असतो म्हणून कॉपर-टी टाळतात. माला-डी सारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिव्हर खूप बिघडलेलं असताना, पोटात पाणी किंवा कावीळ असताना घ्यायच्या नाहीत. सरकारी दवाखान्यात मिळणारी छाया नावाची पाळणा लांबवायची गोळी पण लिव्हरच्या आजारात नको. मूल हवं असेल तर आधी लिव्हरच्या डॉक्टरांशी बसून ठरवा, फुगलेल्या शिरांमधून गरोदरपणात रक्त जाऊ शकतं म्हणून एंडोस्कोपी आणि बँडिंग आधी करून घेतात.

रात्री हे वेगळेच वागतात, ओढाताण करतात, सकाळी आठवत नाही म्हणतात. मी काय करू?

हा प्रश्न मला चौघींनी विचारलाय आणि चौघी रडल्या. लिव्हर अमोनिया काढू शकलं नाही की डोक्यावर परिणाम होतो. दिवसा झोप, रात्री जागरण, चिडणं, न शोभणारं बोलणं, लाज सुटणं. हात पुढे करून पंजे ताठ ठेवायला सांगितले की हात फडफडतात, सही बिघडते, शर्टाची बटणं वरखाली लागतात. असं दिसलं तर शी झाली का बघा, लॅक्ट्युलोज चुकलंय का बघा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, फार गुंगी असेल तर सरळ कॅज्युअल्टी.

आणि आजारी आहेत म्हणून तुम्ही सहन करायलाच पाहिजे असं नाही. नाही म्हणायचं, उठून दुसऱ्या अंथरुणावर जायचं, गरज पडली तर शेजारच्या वहिनींना हाक मारायची. शुद्धीवर नसलेल्या माणसाशी संबंध नकोत, त्यांच्यासाठीही नकोत. पेशंट बाई असेल आणि गुंगीत असेल तर नवऱ्यानेही हात लावायचा नाही, कारण ती तेव्हा हो म्हणायच्या स्थितीतच नसते. आणि जे दारू पिऊन किंवा पूर्ण शुद्धीत असंच वागतात, त्यांच्यासाठी मी अमोनियाचं कारण पुढे करणार नाही.

औषध बदललं, रिपोर्ट बरे आहेत, तरी इच्छाच होत नाही.

मनाचं पण असतं ना. नोकरी गेलेली असते, मुलांच्या फीचं टेन्शन, मरणाची भीती, आणि नवरा-बायकोचं नातं हळूहळू पेशंट आणि नर्सचं होतं. मी दिवसभर ह्यांच्या शीचा रंग विचारणार आणि रात्री त्यांनी माझ्याकडे बायको म्हणून बघायचं, हे अवघड जातं. आम्ही संध्याकाळी सातनंतर आजाराबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं, इमर्जन्सी सोडून, त्याने खरंच फरक पडला. सकाळी झोपेतून उठताना ताठरता येते पण एरवी नाही, असं असेल तर मनाचा भाग मोठा असण्याची शक्यता जास्त, हे डॉक्टरांना सांगा. केईएम, सायन, नायर, जेजे सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि घरबसल्या बोलायचं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर किती दिवसांनी संबंध ठेवता येतात?

साधारण सहा ते आठ आठवडे, जखम भरलेली, सर्जनने हो म्हटलेलं. दोन जिने न थांबता चढता येतात का हा एक अंदाज. पोटाला ताण नको, टाक्याच्या जागी हर्निया होतो. डोनरलाही, म्हणजे लिव्हरचा तुकडा देणाऱ्यालाही, हेच लागू, आणि डोनर कित्येकदा बायकोच असते, तिचीही जखम तेवढीच ताजी असते हे घरचे विसरतात. बऱ्याच पुरुषांचे हार्मोन आणि इच्छा सुधारतात, सगळ्यांचं तसं होत नाही, शुगर, बीपी आणि नवीन गोळ्यांचाही परिणाम असतो. बायकांची पाळी काही महिन्यांत परत येते आणि पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात, म्हणून पहिल्या दिवसापासून काळजी घ्या. मुलासाठी निदान एक वर्ष थांबायला सांगतात. शरीराने नवीन लिव्हर नाकारू नये म्हणून देतात ती मायकोफेनोलेट चालू असेल तर बाळाला व्यंग होऊ शकतं, ते दिवस राहायच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टर बदलून देतात. मनाने एकही गोळी थांबवायची नाही.

डॉक्टरांना विचारायचं कसं? तोंडातून शब्दच निघत नाही, त्यात सोबत मुलगा असतो.

आमचंही तसंच. डॉक्टर विचारायचे "अजून काही?" आणि हे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणायचे "नाही". जिना उतरलो की मला म्हणायचे, विचारायचं राहिलंच. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मी घरून वहीचं पान फाडून लिहून नेलं, "संबंधांत अडचण आहे, एक वर्ष झालं, छाती दुखते. गोळ्यांमुळे आहे का?" डॉक्टरांनी वाचलं, चेहरा जराही बदलला नाही, गोळ्यांची यादी मागितली आणि पेनाने अल्डॅक्टोनभोवती गोल केला. दोन मिनिटांचं काम होतं ज्यासाठी आम्ही दोन वर्षं घालवली.

तुम्ही पण असंच लिहा. कधीपासून आहे, इच्छा नाही की ताठरता नाही की दुखतं, सकाळी येते का, सगळ्या गोळ्यांची नावं, हर्बल आणि मित्राने दिलेली पण, दारू शेवटची कधी. मुलाला केस पेपरच्या खिडकीवर नाहीतर औषधांच्या लाइनीत पाठवा, तेवढ्यात नंबर लागतो. चिठ्ठी फाइलच्या आत ठेवू नका, रिपोर्टांत हरवते, केस पेपरवरच सगळ्यात वर पिन लावून द्या.